नानांच्या बेंजोला लावलेला डबा

आधी माफी मागतो. लेख लिहिणं हे माझं काम नाही. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, आणि आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. वडील केळीच्या गाड्या भरतात, आई कापूस वेचायला जाते. घरात कागद-पेन निघायचं ते फक्त रेशनचा अर्ज भरायला. अशा घरातल्या मुलाने ललित वगैरे लिहायला बसणं हे मलाच जरा आगाऊपणाचं वाटतं. दुसरं असं की, जे सांगणार आहे त्यात वाईट वागणाऱ्यांपैकी एक मी आहे. वाईट वागणाऱ्यानेच ते सांगावं का, यावर मी बरेच दिवस विचार केला. तरी लिहितो. शब्द चुकले तर सांभाळून घ्यावं. बाकी काही सांभाळून घेऊ नये.

जळगावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी असोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उघडते. चैत्र लागला की या खिडकीतून दोनच गोष्टी आत येतात, झळ आणि बँड. लगीनसराई पुन्हा सुरू झाली आहे. सकाळी दहालाच डांबर मऊ होतं, त्यावर नवरदेवाच्या मित्रांचे बूट चिकटतात, आणि तरीही ती पोरं नाचत असतात. पुढे घोडी, मागे बँडची गाडी, गाडीच्या मागे धूर सोडणारा जनरेटर. भोंग्यातून आवाज आला की खिडकीची काच थरथरते. मी पुस्तकावर हात ठेवून बसतो. परीक्षा जवळ आली आहे. पण बँड नजरेआड होईपर्यंत माझ्याच्याने एक ओळ वाचून होत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मी त्या गाडीवर होतो.

नशिराबादच्या रस्त्याला प्रकाशभाऊंच्या बँडची शेड आहे. पत्र्याची. मी तिथे अॅम्प्लिफायर दुरुस्त करायला जायचो, सायकलने. कॉलेजातला मुलगा आहे, वायरिंग कळतं, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं होतं. मला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचे. त्यात थोडी थट्टा होती आणि थोडा मान होता, आणि खरं सांगतो, मला दोन्ही आवडायचं. कॉलेजात मला कुणी काहीच म्हणायचं नाही.

त्या शेडमधला वास अजून आठवतो. सोल्डर, तापलेला पत्रा, बँडवाल्यांच्या लाल कोटांना येणारा जुन्या घामाचा वास. कोट धुतले की त्यांवरची जरी निघते म्हणून ते धुवायचे नाहीत, नुसते वाळवायचे. त्या वाळत घातलेल्या कोटांखाली, सावलीच्या एका पट्टीत, सुकलालनाना बसलेले असायचे.

नाना बेंजो वाजवायचे. धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातले, बोलायचे अहिराणी; तिच्यात ‘मना’ म्हणजे माझा आणि ‘शे’ म्हणजे आहे. दर लगीनसराईला एक पिशवी घेऊन यायचे, शेडमध्येच राहायचे आणि पाऊस तोंडावर आला की परत जायचे. बेंजो म्हणजे आपल्याकडच्या बँडमधली ती लांबट लाकडी पेटी. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. तारांखाली एक पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. तो तारांची थरथर पकडून भोंग्याकडे पाठवतो. नाना तीसेक वर्षं हेच करत होते. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं. आयुष्यभर भोंग्यांच्या मागे बसल्यावर दुसरं काय होणार. म्हणून ते वाजवताना बेंजोवर इतके वाकायचे की त्यांची हनुवटी जवळजवळ तारांना लागायची.

गेल्या वर्षी ते आले तेव्हा त्यांचा उजवा हात बिघडलेला होता. खांद्यापासून बोटांपर्यंत कळ यायची म्हणे. एक ठोका जोरात पडायचा, पुढचा पडायचाच नाही. सीझनच्या पहिल्याच लग्नात गाणं असं अडखळलं की नाचणारी पोरं थांबून गाडीकडे बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊ सगळ्यांसमोर बोलले. “नाना, आखाजीपर्यंत बघतो मी. नाही जमलं तर बेंजो खाली उतरवतो. पॅड आणि भोंगे पुरे आहेत. लोकांना तेवढंच लागतं आता.”

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, पोरींच्या झोक्यांचा सण. पॅड, म्हणजे काडीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ढोल, वाजवणारा गोलू माझ्याच वयाचा. तो म्हणाला, “भाऊ, आखाजीला बेंजो उतरवा आणि नानांना झोक्यावर बसवा ना. पोरी झोका देतील.” सगळे हसले. मीही.

त्या दुपारी नाना माझ्याजवळ येऊन बसले. मी एक जळालेला स्पीकर उघडून बसलो होतो.

“पोऱ्या, तू शिकेल शे. माले एक सांग. मना हात आते मनं आयकत नही. एक ठोका मोठा पडस, एक पडसच नही. तुना वायरीसमा याले काही औषध शे का?”

मी म्हणालो, “नाना, डॉक्टरला दाखवा.”

“डॉक्टर म्हने, वाजाडू नको.” ते जरा जवळ सरकले. “हाई सीझन बेंजो मनाच हातमा ऱ्हाऊ दे. पुढलं पुढे.”

एवढंच त्यांचं मागणं होतं. एक सीझन.

आणि माझ्याकडे त्याचं औषध होतं. म्हणजे तसं मला वाटलं. त्या वर्षी मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, पदवीला आता आहे, आणि माझा प्रोजेक्ट होता गिटारचा इफेक्ट पेडल. गिटारवाले पायाखाली एक लहान डबी ठेवतात; तिच्यातून आवाज गेला की तो बदलतो. मी आयुष्यात गिटार हातात घेतलेली नाही. पण सर्किट मला आवडलं होतं, कारण ते एका चिपवर होतं. कॉलेजने मोडीत काढलेल्या एका बोर्डावरून मी ती उपटली होती. चौदा पाय आणि पोटात पाच ट्रान्झिस्टर. पाचही एकाच कणीवर घडलेले, म्हणून स्वभावाने सारखे. एक तापला की बाकीचेही तेवढेच तापतात. सुटे पाच ट्रान्झिस्टर आणले तर जळगावच्या उन्हात एक इकडे ओढेल, एक तिकडे. हे पाच एकमेकांना सोडत नाहीत.

त्यातले तीन मी दाबायला वापरले आणि दोन फाडायला. हे शब्द माझे नाहीत, शेडमधले आहेत. कॉम्प्रेशनला आम्ही दाबणं म्हणायचो आणि डिस्टॉर्शनला फाडणं. दाबणं म्हणजे असं: आवाज मोठा आला की सर्किट त्याला खाली ढकलतं, लहान आला की वर उचलतं. बाहेर सगळे ठोके सारख्या उंचीचे निघतात. फाडणं सोपं आहे. आवाज इतका वाढवायचा की ट्रान्झिस्टरला तो पेलवत नाही आणि लाटेची टोकं छाटली जातात. मग बेंजो बेंजोसारखा राहत नाही, करवतीसारखा बोलतो. नाचणाऱ्या पोरांना तोच हवा असतो.

हे सगळं मी एका स्टीलच्या डब्यात बसवलं. आईने पोळ्या नेण्यासाठी दिलेला डबा होता. झाकणाला भोकं पाडली, दोन बटणं लावली आणि डबा बेंजोच्या खाली गाडीला तारेने बांधला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा नानांनी एक तार छेडली, मग थांबून माझ्याकडे बघितलं. मग सबंध गाणं वाजवलं. त्यांचा हात तसाच होता, एक ठोका मोठा, एक अर्धा, मी डोळ्यांनी बघत होतो. पण भोंग्यातून येणारं गाणं एकसारखं होतं. एकही ठोका गळलेला नव्हता. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी उजवा हात वर करून उन्हात धरला आणि पुढून-मागून बघितला, बाजारात एखादी वस्तू बघावी तसा.

मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

नाना चहाला गेल्यावर गोलू बेंजोवर वाकला आणि पिकअपजवळ तोंड नेऊन म्हणाला, “हॅलो, हॅलो, शास्त्रज्ञ पागल आहे.” भोंग्यातून ते शब्द फाटके, पण अगदी स्पष्ट आले. आम्ही पोट धरून हसलो. तो आवाज कसा आला, हे मला लगेच कळलं. पिकअपची तार जुनी आणि सैल झाली होती. अशी तार माइकसारखी ऐकायला लागते. एरवी तो आवाज इतका बारीक असतो की तो कुणाला कळत नाही, पण माझा डबा बारीक आवाज शोधून उचलायलाच बनवलेला होता. तारा शांत झाल्या की सेकंदाभरात तो हात लांब करून जे सापडेल ते वर काढायचा.

त्याला उपाय आहे. पिकअप काढायचा, मेणबत्ती वितळवायची आणि मेणात तो बुडवायचा. तार घट्ट बसते आणि तिचं ऐकणं बंद होतं. दहा मिनिटांचं काम. मी मनात म्हटलं, उद्या करू.

दुसऱ्या दिवशी भडगावकडचं लग्न होतं. गिरणेच्या काठाकाठाने गाडी गेली तेव्हा वाळू तापून पांढरी पडली होती. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, आमची गाडी त्याच्या मागे. पहिलं गाणं संपलं. पॅड थांबला, तारा थांबल्या, आणि त्या शांततेत भोंग्यातून आवाज आला. लांब, फाटका, कुणीतरी विहिरीतून बोलतंय असा.

“हाय माय वं...”

नानांना कळ आली होती. ते कण्हले होते. आपण कण्हतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हनुवटी तारांवर होती, पिकअपने ते ऐकलं, तीन ट्रान्झिस्टरांनी ते उचललं आणि दोघांनी फाडलं.

मग नवरदेवाचा एक मित्र ओरडला, “भो, हे काय भारी आहे! परत वाजाडा!” आणि सगळी वरात हसली. त्यांना ते यंत्रातलं काहीतरी वाटलं. माणूस आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. नसेलच असं मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही. पुढचं गाणं संपायच्या आधीच पोरं नाचायची थांबली आणि भोंग्याकडे कान करून उभी राहिली. पुन्हा आलं. “हाय माय वं...” तीस-चाळीस जणांनी एका सुरात त्याची नक्कल केली. लहान मुलं, म्हातारे, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, सगळे. नवरदेवाने घोडीवरून हात छातीवर ठेवून कण्हून दाखवलं.

नाना भोंग्यांच्या मागे होते. त्यांना फक्त लोक हसताना, हात वर करताना दिसत होते. त्यांनी बेंजोवरून मान वर केली आणि इतक्या आनंदाने सगळ्यांना नमस्कार केला की मी दुसरीकडे बघितलं.

परत येताना गाडीत ते म्हणाले, “दखं का? लोके कसा नाचनात! मना हात परत आया रे पोऱ्या.”

गोलूने तोंडात रुमाल कोंबला, हसू दाबायला. प्रकाशभाऊ पुढे बसले होते. ते मागे वळून म्हणाले, “नाना, आता आखाजीचं काही मनात ठेवू नका. बेंजो राहील.”

शेडवर आल्यावर मी प्रकाशभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की हा पिकअपचा दोष आहे, मेण लावलं की जाईल. ते म्हणाले, “खबरदार मेण लावशील तर. आज तीन जणांनी विचारलं, तो कण्हणारा बेंजो तुमचाच का म्हणून.” मेणबत्ती विकत घेतली होती. ती शेडच्या खिडकीत ठेवली, उन्हाने ती वाकली आणि तशीच राहिली.

हसण्याबद्दल मी या वर्षभरात पुष्कळ विचार केला आहे. मला तो नीट मांडता येणार नाही. आपण माणसाला हसतो तेव्हा निदान थोडी लाज वाटते. यंत्राला हसताना वाटत नाही. माझ्या डब्याने एवढंच केलं की माणसाचा आवाज यंत्राचा करून दिला. मग लोकांना मोकळं झालं. पण मला काय झालं होतं? मला तर ठाऊक होतं तो आवाज कुणाचा आहे. तरी प्रत्येक लग्नात, गाणं संपत आलं की मी लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायचो. ते हसण्याच्या तयारीत तोंड अर्धं उघडून थांबलेले असायचे. आणि माझ्या मनात यायचं, हे मी बनवलं आहे.

पंधरा-वीस लग्नं अशी झाली. वरण-बट्टीच्या पंगती, केळीच्या पानांवर वाळलेली वांग्याची भाजी, अत्तराचे फवारे, घोडीच्या तोंडाचा फेस. ऊन रोज एक पायरी चढत होतं. नाना रोज दाढी करायला लागले होते. एकदा त्यांच्या घरून अक्का आल्या, त्यांची बायको. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा घेऊन. नानांनी त्यांना गाडीजवळ उभं करून डबा दाखवला. “हाऊ पोऱ्यानी बनाडेल शे. यानामुये मी यंदा जवान व्हयनू.” अक्कांनी माझ्या हातात भाकरी ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. ती भाकरी मी खाल्ली. चवीची होती.

प्रॅक्टिकल परीक्षा त्याच आठवड्यात होती. बाहेरून परीक्षक आले होते. माझा पेडल टेबलावर होता. दुसरा, त्याच सर्किटचा, कारण डबा गाडीवर होता. परीक्षक म्हणाले, “कॉम्प्रेशन होतंय हे कशावरून? लहान सिग्नलला गेन वाढतो हे दाखवा.” आवाजाची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप बिघडलेला होता. इंग्रजीत उत्तर द्यायचं होतं आणि इंग्रजी सुचत नव्हतं. मग मी खिशातून फोन काढला. एका वरातीत मी भोंग्याजवळ उभं राहून नानांचा तो आवाज टिपला होता. तो लावला.

“हाय माय वं...”

मी सांगितलं, सर, हा आवाज बेंजोच्या पिकअपने दुरून पकडलेला आहे, मूळ आवाज कुजबुजीएवढा होता. परीक्षक आधी चमकले, मग हसायला लागले. मागच्या बाकांवरची मुलं हसली. जी मुलं तीन वर्षांत माझ्याशी बोलली नव्हती तीही. “पुन्हा लावा,” परीक्षक म्हणाले. मी पुन्हा लावला. “कोण आहे हा?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “कुणी नाही सर. टेस्ट सिग्नल आहे.”

मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. घरी फोन केला. वडिलांनी गाडी भरणाऱ्या सगळ्यांना गोडशेव वाटली.

संध्याकाळी गोलूने ते रेकॉर्डिंग माझ्याकडे मागितलं. मी दिलं. का मागतोस, असंही विचारलं नाही.

या वर्षी, या खिडकीत बसून मी तो आवाज दोनदा ऐकला आहे. प्रकाशभाऊंचा बँड नव्हता, दुसरेच कुणीतरी होते. असल्या गोष्टी फोनवरून फोनवर जातात, तसा तोही गेला असणार. आता त्याला बेंजो लागत नाही. पॅडवर आठ चौकोन असतात, प्रत्येकात एक आवाज भरलेला असतो. ढोल, टाळी, शिट्टी. त्यातल्या एकात तो आहे. काडी मारली की वाजतो. गेल्या आठवड्यात वाजवणाऱ्याने तो लागोपाठ नऊ-दहा वेळा मारला, तालात, आणि पोरं त्या तालावर उड्या मारत होती. मी खिडकी लावून घेतली. झळ बाहेर राहिली, आवाज आत आला.

नानांना कळलं ते एका लहान मुलीमुळे. गेल्या वर्षीची आखाजी झाली होती. एका गावात आम्ही गाडीच्या सावलीत पाणी पीत बसलो होतो. सहा-सात वर्षांची मुलगी आली, नानांच्या समोर उभी राहिली आणि तिने विचारलं, “बाबा, ‘हाय माय वं’ करनारा तुम्हीच ना? करी दखाडा ना एकदाव.”

नाना हसले. “काय करी दखाडू बेटा?”

तिने मान वाकडी केली, डोळे मिटले, उजवा खांदा धरला आणि करून दाखवलं. अगदी हुबेहूब. खांदासुद्धा तोच. आधीच्या एखाद्या लग्नात तिने बघितलं असणार; मुलं गाडीच्या मागूनही बघतात, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

नानांनी तिच्याकडे बघितलं, मग गोलूकडे, मग माझ्याकडे. गोलू खाली बघत होता, हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. मी म्हणालो, “नाना, ते पिकअपमुळे... मी मेण लावणार होतो.” बोलल्याबरोबर मला कळलं की मी काय कबूल केलं ते.

त्यांनी एकच विचारलं. “पहिला दिनपासून?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी हातातला ग्लास नीट, आवाज न करता खाली ठेवला. त्यांना भांडता आलं असतं. तिथल्या तिथे निघून जाता आलं असतं. पण तासाभरात मिरवणूक होती, आणि सीझन संपायला आठ-दहाच दिवस उरले होते. ते गाडीवर चढले. गळ्यातल्या गमछ्याचं टोक घडी करून त्यांनी दातांत धरलं, घट्ट, आणि वाजवायला लागले.

पहिलं गाणं संपलं. शांतता झाली. भोंग्यातून काही आलं नाही, नुसती घरघर. लोक वाट बघत होते. “ए, कण्हाड ना तुना बेंजोले!” कुणीतरी ओरडलं. दुसरं गाणं संपलं. पुन्हा काही नाही. नानांच्या कपाळावरची शीर फुगली होती, गमछा लाळेने ओला झाला होता. लोक चिडायला लागले. एकाने गाडीवर पाण्याचा पाउच फेकला, तो बेंजोवर फुटला. “हाऊ तो बँड नही शे! फसाडं आपले!”

प्रकाशभाऊंनी पुढून गोलूला बोट दाखवलं.

गोलूने पॅडवर काडी मारली.

“हाय माय वं...”

माणसं अशी ओरडली की घोडी बिथरली. नाना मात्र ताठ झाले. त्यांचं तोंड बंद होतं, दात गमछ्यात होते, आणि त्यांचा आवाज समोरच्या भोंग्यातून येत होता. या वेळी तो त्यांना ऐकू आला. पॅडचा आवाज मोठा असतो. गोलूने पुन्हा मारली, पुन्हा मारली. नाना भोंग्याकडे बघत राहिले. त्यांचा हात थांबला. बेंजो थांबला आहे हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मी अॅम्प्लिफायरजवळ होतो. पॅडची वायर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. ती ओढायला काहीच लागत नव्हतं, तिची पिन सैल आहे हे मलाच माहीत होतं. मी ती ओढली नाही. प्रकाशभाऊ रागावतील, असं मनात आलं होतं का? आठवत नाही. मला वाटतं, मी तेव्हा लोकांचे चेहरे बघत होतो.

नाना चालत्या गाडीवरून मागच्या बाजूने उतरले. डावा हात टेकून, हळूच. मिरवणूक पुढे गेली. रस्त्यावर पाकळ्या, फुटलेले पाउच, आणि त्यात लाल कोट घातलेला एक माणूस. लहान लहान होत गेला. ते संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला गेले, असं शेडवरच्या चौकीदाराने सांगितलं. कोट त्यांनी घडी करून ठेवला होता.

मी नंतर पिकअप मेणात बुडवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्या बेंजोला आता वाजवणारा नव्हता, तरी बुडवला. घड्याळ लावून बघितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

वर्षभर मी त्यांना फोन केला नाही. काय बोलायचं याची वाक्यं तयार केली, काही वहीत लिहूनही ठेवली. प्रत्येक वाक्यात ‘पण’ यायचं. शेवटी परवा, खिडकीखालून तो आवाज दुसऱ्यांदा गेल्यावर, लावला. फोन अक्कांनी उचलला. मी कोण हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “हां, वळखना. डबावाला पोऱ्या.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना काहीच माहीत नसावं. मी म्हणालो, “अक्का, नानांना द्या ना जरा.”

“तुना नाना ते फागुनमा गयात, भाऊ. तुले कोनीच सांगं नही का?”

त्याच सांगत राहिल्या. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती, खांद्याच्या आत. हाताकडे जाणारी शीर तिने धरली होती, म्हणून हात जात होता. संक्रांतीला नाना अंगणात पडले तेव्हा दवाखान्यात नेलं. तोवर ती सगळीकडे पसरली होती.

“डॉक्टर मनावरच चिडना. म्हने, बाई, या दुखण्यात माणूस रात्रंदिवस कण्हतो, शेजाऱ्यांना झोपू देत नाही. तुम्हाला आठ महिने कळलं कसं नाही? मी म्हनू, साहेब, जळगावथीन परत आयात तवयपासून घरमा त्यासनी एक आवाज काढा नही. मरापावत नही.” मग मला, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “पहिले ते झोपमाबी ‘हाय माय, हाय माय’ करेत, भाऊ. मी हासू त्यासले. मंग एकदमच कसं काय बंद व्हयनं व्हई?”